मनकवडा टीममध्ये असूनही गुन्हेगार शेवटच्या पाच मिनिटांतच का सापडतो?

तिरपी_अँटेना

मंडळी, प्रश्न जुनाच असणार, आधी धागा निघाला असेल तर लिंक द्या, मी शोधला पण सापडला नाही.

सध्या स्टार ट्रेक द नेक्स्ट जनरेशन पहिल्यापासून बघतोय. हो, १९८७ ची सिरीज, आत्ता. हसा. तर त्यात ती डिॲना ट्रॉय आहे ना, यानावरची समुपदेशक, आई बीटाझॉइड म्हणजे सरळ मनातले विचार वाचणारी जमात आणि वडील माणूस, त्यामुळे हिला विचार नाही पण समोरच्याच्या भावना कळतात. कल्पना झकास आहे. पण होतं काय, स्क्रीनवर एखादा परग्रहवासी कॅप्टन गोडगोड बोलत असतो, आपल्या यानाचा कॅप्टन पिकार्ड वळून ट्रॉयकडे बघतो, आणि ती कपाळाला आठ्या घालून सांगते की हा काहीतरी लपवतोय. अगं बाई, ते मला इथे उशीला टेकून पण कळलं! काय लपवतोय ते सांग की!

आणि ज्या भागात तिने खरंच काही सांगितलं तर गोष्ट दहा मिनिटांत आटपेल त्या भागात ती एकतर बेशुद्ध, नाहीतर समोर फेरेंगी जमात, ज्यांचं मन बीटाझॉइडांना वाचताच येत नाही. किती ती सोय. पहिल्याच भागात ती यानावरचा अधिकारी रायकर याच्याशी मनातल्या मनात बोलते आणि त्याला ते ऐकू जातं, पण नंतर हे जमतं हे लेखकांसकट सगळे विसरून गेलेत.

म्हणजे आधी हौसेने मनकवडा आणून बसवायचा आणि मग दर आठवड्याला त्याला गप्प कसं ठेवायचं याची कारणं शोधायची, हा उपद्व्याप कशाला? अशी एखादी सिरीज आहे का जिच्यात टेलिपथीचे नियम आधी ठरवलेत आणि मग पाळलेत? साय-फायच सांगा, जादूटोणा नको.

---

मठ्ठ_रोबो

ट्रॉयबद्दल एक अक्षर ऐकून घेणार नाही. बाकी चालू द्या. (दिवे घ्या)

---

डॉकिंग_बे_नऊ

बॅबिलॉन ५, त्याच नावाच्या अंतराळस्टेशनवरची सिरीज. धागा बंद करा, उत्तर मिळालं.

बरं, थोडं सविस्तर लिहितो. १९९४ ते ९८, पाच सीझन, त्याआधी ९३ मध्ये एक पायलट पिक्चर. सेट आता जुनाट वाटतात आणि सुरुवातीचे काही भाग रेटावे लागतात हे आधीच सांगतो, नाहीतर नंतर मला शिव्या घालाल. पण तुझा प्रश्न सिरीजच्या कर्त्याने, जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्कीने बरोब्बर उलटा धरलाय. मन वाचणारा माणूस गोष्टीत काय करेल हे तो विचारतच नाही, तो विचारतो की अशी माणसं खरंच जन्माला यायला लागली तर बाकीचे लोक त्यांचं काय करतील. आणि त्याचं उत्तर म्हणजे साय कोअर, टेलिपाथांना ताब्यात ठेवणारी संघटना. टेलिपाथ निघालास तर तीनच रस्ते, कोअरमध्ये भरती हो, नाहीतर आयुष्यभर क्षमता मारून टाकणारी औषधं घे, नाहीतर जेल. भरती झालेल्यांना पी१ ते पी१२ असे दर्जे, छातीवर बिल्ला, आणि चारचौघांत हातात कायम हातमोजे, कारण स्पर्शाने वाचन सोपं होतं. हे हातमोजे मला फार आवडले. कोणीही काही समजावून सांगत नाही, नुसते काळे हातमोजे दिसले की खोलीतली माणसं जरा सरकून बसतात.

कामं पण बघ कशी, बरेचसे टेलिपाथ धंद्याच्या बैठकांना बसतात, दोन पार्ट्या सौदा करतायत आणि मधे हा पगारी माणूस, समोरचा खोटं बोलतोय का एवढंच सांगायला. एकदम रुक्ष नोकरी. मला तर हेच पटतं, असली शक्ती खरंच असती तर जग वाचवायला नसती वापरली, काँट्रॅक्ट वाचायला वापरली असती.

आणि इवानोव्हा. स्टेशनची दोन नंबरची अधिकारी. तिची आई टेलिपाथ होती, कोअरला नकार दिला म्हणून वर्षानुवर्षं ती इंजेक्शनं घेत राहिली आणि हळूहळू आतून विझत गेली, शेवटी आत्महत्या. त्यामुळे स्टेशनवर पगारी टेलिपाथ म्हणून टालिया विंटर्स येते तेव्हा ही तिच्याकडे धड बघत पण नाही. बिचारीने काहीच केलेलं नाही, बिल्ला लावलाय एवढाच गुन्हा. या दोघींचं पुढे काय होतं ते सांगत नाही.

गुन्हेगार पकडण्याबद्दल म्हणशील तर इथे परवानगीशिवाय कोणाच्या मनात घुसणं हाच गुन्हा आहे. त्यामुळे तुझी ती 'बेशुद्ध पाडा' वाली पळवाट लागतच नाही, टेलिपाथ शुद्धीवर समोर बसलेला असतो आणि तरी वाचू शकत नाही. आणि जो वाचतो तो बेस्टर, पी१२ पोलीस, त्याला नियम लागू नाहीत असं त्यालाच वाटतं. वॉल्टर केनिगने केलाय, जुन्या स्टार ट्रेकमधला चेकॉव्ह! तो गोड चेहऱ्याचा पोरगा इतका थंडगार माणूस होऊ शकतो हे बघूनच मला घाम फुटला होता.

---

वाचकमामी

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. बेस्टर हे नाव ॲल्फ्रेड बेस्टर या लेखकावरून घेतलंय. त्याच्या द डिमॉलिश्ड मॅन कादंबरीला १९५३ मध्ये पहिलंवहिलं ह्यूगो, म्हणजे साय-फायचं पारितोषिक, मिळालं होतं आणि तिच्यात नेमका अँटेनारावांचाच प्रश्न आहे, पोलिसांत टेलिपाथ असतील तर खून पचवायचा कसा. खुनी काय करतो तर डोक्यात रुतून बसेल असं एक फालतू जाहिरातछाप गाणं मुद्दाम शिकून घेतो आणि दिवसभर ते मनात घोळवत राहतो. वाचणाऱ्याला वर फक्त ते गाणं ऐकू येतं. मी हे वाचलं तेव्हापासून एखादं गाणं डोक्यातून जात नसलं की म्हणते, चला, आज आपण सुरक्षित.

---

तिरपी_अँटेना

@डॉकिंग_बे_नऊ, वाचनखूण साठवली. पण पाच सीझन म्हणजे शंभराच्या वर भाग होतील ना भाऊ?

---

डॉकिंग_बे_नऊ

११०. पाचव्या सीझनमधली लांब केसांच्या टेलिपाथ गुरूची आणि त्याच्या भजनी मंडळाची भानगड फास्ट फॉरवर्ड केलीस तर कमी. माझं प्रेम आहे या सिरीजवर पण ते प्रकरण मलाही झेपत नाही.

---

फ्यूज_उडाला

नियम कडक हवेत तर बीबीसीची ब्लेक्स सेव्हन, १९७८ ते ८१. तिच्यातली कॅली. ती तुमच्या डोक्यात बोलू शकते पण तुमच्या डोक्यातलं तिला ऐकू येत नाही, तिच्या स्वतःच्या लोकांचं सोडून. एकमार्गी! म्हणजे मनकवडी नाहीच, फक्त लाऊडस्पीकर. गोष्टीतला खलनायक ओळखायला शून्य उपयोग, त्यामुळे लेखकाला तिला बेशुद्ध पाडायची गरजच नाही. सेट पुठ्ठ्याचे वाटतात पण डोकं वापरलेलं आहे.

रच्याकने जुन्या स्टार ट्रेकमधल्या स्पॉकचं पण तसंच ना, हात लावल्याशिवाय काही होत नाही. चेहऱ्यावर बोटं ठेवायची, डोळे मिटायचे, आणि झाल्यावर पाठ दुखल्यासारखं तोंड करायचं.

---

मठ्ठ_रोबो

@फ्यूज_उडाला, चूक. १९६८ च्या एका भागात इंट्रेपिड नावाचं यान कुठच्या कुठे नष्ट होतं, त्यावरचे ४०० व्हल्कन, म्हणजे स्पॉकच्याच जमातीचे लोक, एकदम मरतात, आणि स्पॉक आपल्या यानावर, एंटरप्राइजवर, कन्सोलपाशी बसल्या जागी हादरतो. त्याच्या आदल्या वर्षी एका पहारेकऱ्याला त्याने भिंतीआडून, भिंतीला हात लावून बनवलेलं आहे. म्हणजे भिंतीला कान असतात हे खरंय.

---

फ्यूज_उडाला

मान्य. पण भिंतीला का होईना, हात लावला ना!

---

निवांत_निशाचर

मला धाग्याचा प्रश्नच थोडा चुकीच्या टोकाने धरलेला वाटतोय, रागावू नका. नियम हवेत, बरोबर, पण नियम गोष्टीत भोकं पडू नयेत म्हणून असतात. टेलिपाथ जेव्हा लक्षात राहतो तेव्हा नियमामुळे नाही राहत, त्याला स्वतःला त्याची काय किंमत पडते त्यामुळे राहतो.

अँटेना, तू आत्ता टीएनजीच (द नेक्स्ट जनरेशन) बघतोयस ना, मग तिसऱ्या सीझनमधला टिन मॅन येईल, १९९० चा. वगळू नकोस. त्यात टॅम एल्ब्रन नावाचा बीटाझॉइड येतो. या लोकांना ही शक्ती वयात येताना येते, तोवर डोकं स्वतःचं म्हणून तयार झालेलं असतं. याला जन्मापासूनच आहे. आता कल्पना कर, तान्हं मूल, आपण कुठे संपतो आणि आई कुठे सुरू होते हेही कळायच्या आधी त्याच्या डोक्यात घरातल्या सगळ्यांची चिडचिड, काळज्या, नको नको ते येऊन आदळतंय आणि बंद करायचं बटणच नाही. मोठा झाल्यावर तो असा झालाय की लोक वाक्य पूर्ण करायच्या आत हा उत्तर देतो, समोरचा वैतागतो, आणि ते वैतागणं पण याला ऐकू येतं. कोणाला आवडत नाही तो. मला पण पहिल्या पाच मिनिटांत नाही आवडला.

आणि मग तो डेटाच्या खोलीत जाऊन बसतो. डेटा अँड्रॉइड, याला त्याच्या आतलं काहीच ऐकू येत नाही. जहाजावर हजारभर माणसं आणि त्या सगळ्यांत हा एकच शांत. दोघं नुसते बोलत बसतात. बंदुका नाहीत, स्फोट नाहीत, एक माणूस आयुष्यात पहिल्यांदा जरा निवांत बसलाय एवढंच. त्या सीनमध्ये तो वाक्य तोडत नाही हे माझ्या दुसऱ्यांदा बघताना लक्षात आलं. तोडणार कसा, पुढचं त्याला माहीतच नाही! समोरच्याचं ऐकून घेणं म्हणजे काय हे त्या बिचाऱ्याला एका यंत्रासमोर कळतंय.

याच्याआधी १९६८ मध्ये जुन्या स्टार ट्रेकमध्ये मिरांडा जोन्स होती, ती पण जन्मजात, व्हल्कनवर जाऊन शिकली ते मन वाचायला नाही, लोकांची मनं बाहेर ठेवायला. आणि त्याच भागात जेवणाच्या टेबलावर ती अचानक म्हणते की इथे जवळपास कोणीतरी खुनाचा विचार करतंय, पण कोण ते तिला सांगता येत नाही. झालं, तुझी ट्रॉयवाली तक्रार वीस वर्षं आधीची निघाली. फरक एवढाच की इथे ते ऐकून टेबलावरची सगळी माणसं एकमेकांकडे बघतात आणि तो सीन घट्ट होतो.

---

मठ्ठ_रोबो

टिन मॅनला +१००. आणि त्याच वर्षीचा सारेक पण बघ. स्पॉकच्या वडिलांना म्हातारपणी असा आजार झालाय की भावना आवरत नाहीत, एक महत्त्वाची बैठक पार पाडायला पिकार्ड त्यांच्याशी माइंड मेल्ड करतो, म्हणजे मनाला मन जोडतो, आणि मग तिकडे सारेक शांतपणे वाटाघाटी करतायत आणि इकडे पिकार्ड खोलीत बसून एका दुसऱ्याच माणसाचा आयुष्यभराचा पश्चात्ताप रडून काढतोय. पॅट्रिक स्टुअर्ट, एक खुर्ची, एक भिंत. ग्राफिक्सचा खर्च शून्य.

---

ऑसिलोस्कोप

साय-फाय म्हणून बोलताय तर थोडं साय पण होऊ द्या.

मला या सगळ्या सिरीजमध्ये एकच गोष्ट खटकते, विचार वाक्यात का येतात? टेलिपाथ समोरच्याकडे रोखून बघतो आणि मागून त्याच नटाच्या आवाजात, जरासा घुमवून, व्याकरणशुद्ध वाक्य येतं, "याला कळता कामा नये की पैसे मीच घेतले". असं कोण विचार करतं हो? मी हे टाइप करतोय त्या क्षणाला माझ्या डोक्यात काय चाललंय ते बघू... अर्धा शब्द 'व्याकर', डाव्या पायाला मुंग्या, मघाशी कोणाला तरी फोन करायचा राहिला पण कोणाला ते नाही नुसती राहिल्याची टोचणी, एक निळा रंग (का? माहीत नाही), आणि खाली कुठेतरी एका गाण्याच्या दोन ओळी ज्या तिसरीपर्यंत कधी जातच नाहीत. यातून कोणी काय वाचणार कपाळ? मी स्वतः आत बसलोय तरी मला कळत नाही.

आता खरी गोष्ट. ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूचे विद्युत संकेत नोंदवतात ते, माणसावर पहिल्यांदा केलं हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरने, १९२४ मध्ये, आणि छापलं १९२९ मध्ये. हा मनुष्य या नादी का लागला? तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडला, तोफेच्या गाड्याखाली जाता जाता वाचला, आणि त्याच दिवशी घरून तार आली की बरा आहेस ना, कारण तिकडे बहिणीला एकदम वाटलं होतं की याचं काहीतरी बरंवाईट झालंय. ते त्याच्या मनातून गेलंच नाही. टेलिपथीमागे काहीतरी मोजता येण्यासारखं भौतिक असलं पाहिजे म्हणून मेंदूकडे वळला. टेलिपथी नाही सापडली, ईईजी सापडला. यावर कोणी सिरीज का काढत नाही देव जाणे.

आणि २०२३ मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिनच्या लोकांनी एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं काम दाखवणारं स्कॅनिंग, वापरून एक डीकोडर केला. माणसाला मशीनमध्ये झोपवून १६ तास गोष्टी ऐकवायच्या, त्यावर मॉडेल शिकवायचं, मग नवीन गोष्ट ऐकवली की तिचा साधारण मतितार्थ मशीन काढून देतं. शब्द बऱ्याचदा वेगळे, आशय जवळपास जाणारा. पण हे ज्याच्यावर शिकवलं त्याच्यावरच चालतं, दुसऱ्याला झोपवलं की बोंब. आणि आता वाचकमामींनी लक्ष द्या, ज्याच्यावर शिकवलंय त्याने ठरवलं तर तो मशीनला फसवू शकतो. कसं? मनात सात-सातने आकडे मोजायचे, प्राण्यांची नावं घ्यायची, किंवा स्वतःला दुसरीच गोष्ट सांगत राहायची. तुमचं ते फालतू गाणं! सत्तर वर्षांपूर्वी कादंबरीत लिहिलेली युक्ती प्रयोगशाळेत चालली.

---

वाचकमामी

अहो, हे वाचून एवढा आनंद झालाय की काय सांगू. आता फक्त सातचा पाढा पाठ करायचा राहिलाय.

---

कात्रीवाली

ऑसिलोस्कोप यांचा मुद्दा 'विचार वाक्यात का येतात' यावर लिहायलाच हवं कारण माझं पोट एडिटिंगवर आहे. उत्तर सोपंय, स्वस्त पडतं म्हणून. नटाला बंद खोलीत बसवा, चार ओळी वाचून घ्या, वर थोडा रिव्हर्ब टाका, झाली टेलिपथी. मी स्वतः एका प्रोजेक्टमध्ये हे केलंय आणि दिग्दर्शक तीनदा म्हणाला अजून घुमव, अजून घुमव, शेवटी तो माणूस विहिरीत पडल्यासारखा वाटायला लागला, तरी तसंच गेलं.

पण ज्यांनी डोकं लावलंय त्यांचं बघा. फायरफ्लाय, २००२, जेमतेम १४ भाग. शेवटच्या भागाच्या सुरुवातीला रिव्हर, त्यातली मनकवडी मुलगी, अनवाणी जहाजातून फिरते आणि एकेका खोलीत डोकावते. लोक आपापल्या गप्पा मारतायत, आणि मधेच एकजण बोलता बोलता तिच्याकडे वळून, त्याच आवाजात, त्याच चेहऱ्याने, भलतंच काहीतरी बोलून जातो आणि परत गप्पांत मिसळतो. रिव्हर्ब नाही, झगमगाट नाही. तो हे बोललाच नाहीये, ते तिला ऐकू आलंय, हे कळायला आपल्याला एक सेकंद उशीर होतो आणि तो एक सेकंद म्हणजे रिव्हरचं अख्खं आयुष्य. पुढे ती पानगळीत उभी आहे, खाली वाळलेली पानं, ती एक सुंदर वाळकी फांदी उचलते. कट. जहाजातच उभी आहे, हातात भरलेली पिस्तूल, आणि सगळे ओरडतायत. एका कटमध्ये सांगून टाकलंय की हिच्या डोक्यात शिरलात तर तुम्हालाही कळणार नाही हातात काय आहे. मी तो कट किती वेळा मागेपुढे करून बघितलाय ते विचारू नका.

सेन्स८ पण. २०१५ ते १८. वाचोव्स्की बहिणी आणि आपला वरचा बॅबिलॉनवाला स्ट्रॅझिन्स्की. आठ माणसं जगाच्या आठ कोपऱ्यांत आणि एकमेकांशी जोडलेली, एकजण मार खातोय आणि पुढच्या शॉटला त्याच जागी दुसरीच बाई उभी राहून मारतेय. हे हिरव्या पडद्यावर नाही केलेलं, नटांना खरंच त्या त्या शहरात नेऊन दोन्ही बाजूंनी शूट केलंय. म्हणून ते एवढं खरं वाटतं आणि म्हणूनच एवढं महाग पडलं असणार. गोष्ट मधेमधे भरकटते पण टेलिपथी म्हणजे मन 'वाचणं' नाही तर दुसऱ्याच्या जागी जाऊन उभं राहणं हे कोणी दाखवलं असेल तर यांनी.

आणि डॉक्टर हू या सिरीजमधले ऊड, एक परग्रहवासी जमात. २००८ चा भाग. बिचारे जन्मतः आपला एक मेंदू हातात धरून फिरतात, कंपनीवाले तो कापून त्या जागी भाषांतराचा गोळा बसवतात आणि नोकर म्हणून विकतात. डॉक्टरला त्यांचं सामूहिक गाणं ऐकू येत असतं, त्याच्या सोबतची डोना म्हणते मला पण ऐकव, तो ऐकवतो, आणि थोड्याच वेळात ती रडत म्हणते काढून घे, मला नाही सहन होत. तो विचारतो, खरंच? आणि काढून घेतो. त्याला स्वतःला मात्र ऐकतच राहावं लागतं.

---

तिरपी_अँटेना

बाप रे, मी ट्रॉयवर चिडून धागा काढला होता आणि तुम्ही लोकांनी दोन वर्षांचा अभ्यासक्रम दिला. निशाचर, राग कशाला, तुझा मुद्दा पटला. पण माझा मूळ प्रश्न अजून थोडा शिल्लक आहे. समजा सगळे नियम झुगारले, टेलिपाथला सगळं ऐकू येतं, स्पष्ट, वाक्यात, रिव्हर्बसकट. मग तरी गुन्हेगार सापडायलाच हवा ना?

---

जुना_जाणता

नाही. आणि हे टीव्हीने १९६१ मध्येच सांगून ठेवलंय.

ट्वायलाइट झोन, भाग ए पेनी फॉर युअर थॉट्स. हेक्टर पूल नावाचा बँकेतला साधा क्लार्क. सकाळी पेपरवाल्याच्या डब्यात नाणं टाकतो, ते काठावर उभं राहतं, आणि याला सगळ्यांच्या मनातलं ऐकू यायला लागतं. स्पष्ट, अगदी अँटेनाला हवं तसं. बँकेत स्मिदर्स म्हणून वर्षानुवर्षं इमाने इतबारे काम केलेला म्हातारा आहे, पूलला ऐकू येतं की हा आज रोकड घेऊन पळून जाण्याचा बेत करतोय, अगदी तपशीलवार. पूल जाऊन साहेबाला सांगतो. म्हाताऱ्याची बॅग उघडतात. पैसे नाहीत! आणि मग तो कबूल करतो की हो, मी हा विचार करतो, रोज करतो, कित्येक वर्षं करतोय, करणार मात्र कधीच नाही. मनातले मांडे हो नुसते. तेवढ्यावरच त्याची नोकरी सुसह्य होत होती.

म्हणजे वाचन शंभर टक्के बरोबर आणि निष्कर्ष शंभर टक्के चूक. आपल्याकडे म्हणतातच, मन चिंती ते वैरी न चिंती. तुम्ही एखाद्याच्या मनातला खून ऐकलात तरी तो खुनी कुठे झाला, दिवसातून दोनदा तर मीच कोणाचा तरी करतो.

स्टार ट्रेकच्याच व्हॉयेजर सिरीजमध्ये १९९७ ला याचंच पुढचं टोक गाठलंय. एका ग्रहावर सगळे टेलिपाथ, त्यामुळे तिथे हिंसक विचार करणं हाच गुन्हा. यानावरच्या बेलाना टोरेसला तिथल्या बाजारात एकाचा धक्का लागतो, ती क्षणभर मनात भडकते, संपलं. पण तो भडका तिच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात जातो आणि तो माणूस जाऊन मारामारी करतो, आणि अटक हिला! शिक्षा काय तर डोक्यातून तो विचार काढून टाकणे. आणि पुढे कळतं की तिथे हिंसक विचारांचा चोरटा बाजार भरतो, लोक गुपचूप एकमेकांना विकतात. बंदी घातली की भाव चढतो, विचारांचा पण. तो धक्का पण मुद्दाम मारलेला असतो, माल काढायला.

---

डॉकिंग_बे_नऊ

जे ब्बात! हा व्हॉयेजरचा भाग मी कसा विसरलो.

---

कात्रीवाली

उलटी बाजू थ्री बॉडी प्रॉब्लेम मध्ये आहे ना, २०२४ ची, नेटफ्लिक्सवाली. तिथले परग्रहवासी एकमेकांपासून काही लपवूच शकत नाहीत, विचार केला की समोरच्याला कळला, त्यामुळे खोटं ही गोष्टच त्यांच्याकडे नाही. त्यांचा इथला भक्त त्यांना लाल टोपीवाल्या मुलीची आणि लांडग्याची गोष्ट वाचून दाखवतो, अगदी प्रेमाने, आणि पलीकडून प्रश्न येत राहतात की लांडगा आजी नव्हता तर आजी आहे असं का म्हणाला? त्याला वाटतं गोष्ट कळली नाही. त्यांना माणसं कळलेली असतात. तिथून सगळं फिसकटतं.

आणि त्यावर माणसांचा उपाय काय, तर निवडक लोकांनी लढायचा बेत फक्त डोक्यात ठेवायचा, कोणाला सांगायचा नाही, लिहायचा नाही, कारण शत्रूला अख्खी पृथ्वी दिसते पण कवटीच्या आतलं दिसत नाही. इथे मन वाचता न येणं हेच एकमेव हत्यार आहे. अख्ख्या धाग्यातल्या सगळ्या सिरीज एका बाजूला आणि ही एक उलटी.

---

मठ्ठ_रोबो

त्या निवडक लोकांत माझी वर्णी लागणार नाही. मला जेवायला काय हवं हे पण चेहऱ्यावर दिसतं म्हणे.

---

तिरपी_अँटेना

अपडेट. काल रात्री क्रम मोडून आधी टिन मॅन बघितला.

निशाचर, तू डेटाचा सीन सांगितलास पण एक गोष्ट सांगितली नाहीस. त्या भागात एल्ब्रनबद्दल माहिती कोण देतं तर ट्रॉय. तो तिचा जुना पेशंट, ती विद्यापीठात शिकत असतानाचा. आणि भागभर ती त्याच्या जवळ आहे, सगळ्यांत ती एकटीच अशी की जिला त्याचं थोडंफार कळतं, आणि तो सतत जे ऐकतो त्यातलं हिला फक्त 'भावना' एवढंच ऐकू येतं. म्हणजे त्याला पूर्ण आवाजात लागलेला रेडिओ हिला शेजारच्या खोलीतून ऐकू येतोय. मी इतके दिवस तिच्यावर चिडत होतो की हिला एवढंच कसं कळतं, आणि काल पहिल्यांदा वाटलं की बरंय हिला एवढंच कळतं.

तरी 'हा काहीतरी लपवतोय' याला मी हसणार, ते सोडत नाही.

@मठ्ठ_रोबो, ट्रॉयबद्दलचे माझे वरचे शब्द मागे घेतो. निम्मे.

---

मठ्ठ_रोबो

निम्मे चालतील. ती पण निम्मीच बीटाझॉइड आहे.